तोंडभर गेरू

बर्फ पडू लागताच हरणं खाली उतरली, त्यांच्यामागे टोळीही निघाली. ज्याला चालवत नाही तो मागे राहायचा. त्याने गुहेच्या भिंतीवर पंजा टेकवायचा आणि पोटच्या लेकराने तोंडातला गेरू त्यावर फुंकून ठसा उमटवायचा, अशी रीत. म्हातारीने लंगडत जाऊन पंजा टेकवला. "पाठुंगळी नेईन तुला," लेक म्हणाली. "आणि तान्ह्याला काय दातांत धरशील? गेरूचा घोट भर आधी." लेकीचं तोंड भरलं, वाद मिटला. म्हातारीला तेच हवं होतं. नदी कुठे ओलांडायची, नवरा तापला तर काय करायचं, तिने सावकाश सांगितलं. लेकीचे डोळे वाहत होते. शेवटी तिने फुंकर मारली. म्हातारीने हात काढला. "करंगळी फिसकटली. एक काम धड नाही." तोंड मोकळं होताच लेकीने विचारलं, "आई, तुला भीती नाही वाटत?" म्हातारीने घाईने उरलेला गेरू तोंडात भरला.