दुसरी आवृत्ती

ऑनलाइन स्वस्तातली पुस्तकं धुंडाळताना लेखकमहाशयांना स्वतःचीच कादंबरी ऐंशी टक्के सवलतीत दिसली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिलं तर नाक कापलं जाईल, म्हणून त्यांनी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या प्रती स्वतःच मागवून टाकल्या. खोकी पलंगाखाली मावेनात, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला.

आठवड्याभरात प्रकाशकाचा फोन आला. "साहेब, कादंबरी हातोहात संपली की! दुसरी आवृत्ती काढतोय!"

लेखकमहाशयांना आभाळ ठेंगणं झालं. त्यातल्याच एका खोक्यावर चढून ते ओरडले, "अगं, ऐकलंस का? शेवटी वाचकांनी मला ओळखलंच!"



बायको पलंगाखाली वाकून बघत म्हणाली, "ते झालं हो, पण दुसरी आवृत्ती ठेवायची कुठे?"