चौघं एकाच गाडीत

ऋतिकाने भिंतीवर अख्खा नकाशा चिकटवला होता. शिमला ते काझा, मधली सगळी गावं लाल पेनाने. कुठल्या टूरवाल्याची मदत नाही, काही नाही. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आली त्या दिवसापासून सगळं बुकिंग तिने एकटीने केलं होतं. आता फक्त गाडी पक्की करायची राहिली होती. किन्नौरचे नेगी ड्रायव्हर पाच वाजता फोन करणार होते. हो म्हटलं नाही तर त्या तारखा ते दुसऱ्या कुणाला देणार होते. साडेचार झाले होते.

जायचं जूनमध्येच, यात वाद नव्हता. एक जूनला मासेमारी बंद होते, बोटी वर ओढल्या जातात आणि बाबा दोन महिने घरी असतात.

सगळे समोर बसलेच होते, म्हणून तिने जोशात नेगींनी पाठवलेला रस्त्याचा व्हिडिओ लावला. डोंगर कोरून काढलेला रस्ता, डोक्यावर खडक, आणि खाली नदी, सुतळीएवढी. समोरून ट्रक आला. जीप मागे मागे येत राहिली. मागचं चाक नेमकं कुठे होतं ते काही दिसलं नाही. धाकट्या सानवीने टाळ्या वाजवल्या. बाबा जाळं दुरुस्त करत होते, त्यांची सुई थांबली.

आई सुक्या सोड्यांच्या पिशवीला गाठ मारत होती. गाठ झाली तरी दोरा तिने सोडला नाही.

"चौघं एकाच गाडीत?"

"सात सीटर आहे आई. आरामात मावतो. बॅगासुद्धा आत."

"जागेचं नाही विचारत मी."

पेपर लिहून झाल्यावर मागच्या पानावर अजून एक प्रश्न होता हे कळावं, तसं ऋतिकाला झालं. बाबांचा आणि काकांचा धंदा एकच, जेटीही एकच, मिरकरवाड्याची. पण दोघं भाऊ कधी एका बोटीवर चढले नाहीत. आजोबांनी घालून दिलेली रीत. का, ते कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. उलटीच्या गोळ्यांपासून लोकरी मोज्यांपर्यंत ऋतिकाने दोन पानं यादी केली होती. हे त्यात नव्हतं.

तरी तिने वाद घातलाच. देवरूखच्या लग्नाला चौघं एकाच गाडीतून गेलो होतो की नाही?

"देवरूखच्या रस्त्यावरून खाली नदी अशी दिसते काय गो?" आई म्हणाली.

बाबा काही बोलत नव्हते, आणि हे फार वाईट लक्षण होतं. बाबा गप्प म्हणजे आईचं बरोबर. मग त्यांनी हळूच सांगितलं की तुम्ही तिघी जाऊन या, बोटीला रंग काढायचाच आहे, मी थांबतो. आई म्हणाली, ते काही नाही, मीच थांबते. ऋतिकाने एवढ्या हौसेने लावलेल्या नकाशाखाली बसून दोघं घरी कुणी राहायचं यावरून भांडायला लागली.

पावणेपाच. ऋतिका फोनमध्ये शोधत सुटली. एक साइट उघडेना, दुसरीवर गेल्या वर्षीचं वेळापत्रक, आणि मग सापडलं. वाटेतल्या पिओ गावाहून काझाला सकाळी सरकारी बस सुटते, त्याच रस्त्याने. त्या अवघड टप्प्यात दोघं जीपमध्ये बसतील, दोघं बसमध्ये. संध्याकाळी काझाला भेट. येतानाही तसंच. तिने हे एका दमात सांगितलं.

आई बाबांकडे बघत राहिली. बाबांनी भरतीची वेळ सांगावी तसं सांगितलं, "मी आणि तुझी आई वेगवेगळ्या गाड्यांत."

ऋतिकाने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला जीप, एका बाजूला बस. जीपखाली आई लिहिलं, बसखाली बाबा. उरली दोन नावं. एक इकडे, एक तिकडे, एवढं सोपं गणित होतं. तिचा पेन पुढे सरकेना.

"मी ताईबरोबर," सानवी म्हणाली.

ऋतिकाने पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं.

तेवढ्यात फोन वाजला. ऋतिकाने स्पीकर लावला. नेगींनी विचारलं, चार जणं नक्की ना? सकाळपासून पाठ केलेली हिंदी वाक्यं ती साफ विसरली. कसंबसं तिने सांगितलं की जीपमध्ये दोघंच, बाकीचे दोघं मागच्या बसने येतील, म्हणजे आमच्या घरात तसंच असतं. तिला वाटलं, आता ते हसणार.

"समझ गया," नेगी म्हणाले. "मैं और मेरा भाई भी एक गाडी में नहीं निकलते."

बाबांची सुई पुन्हा चालू झाली. आईने दोरा सोडला.

"ह्या माणसाच्या गाडीत सानवी बसेल," आई म्हणाली. "कर पक्कं."

ऋतिकाने जीपखाली सानवीचं नाव लिहिलं. मग बसखाली, बाबांच्या नावाला लागून, स्वतःचं.

सानवीने वाकून दोन्ही बाजू वाचल्या. बोट जिभेला लावलं आणि मधली रेघ पुसायला घेतली. जेल पेनाची रेघ ती. पुसली गेली नाही. नुसतीच पसरत गेली, जीपकडे आणि बसकडे.