तीनशे कोट

तर झालं काय, शिवणकारखान्यातली नवी सुपरवायझर वयानं लहान, पण कामाला वाघ. आल्या आल्या तिनं रोज सकाळी वरच्या केबिनमध्ये मीटिंग सुरू केली. मापं, तारखा, सगळं तिथंच ठरायचं. आणि नेमकी तिची पहिलीच मोठी ऑर्डर, नर्सेसचे तीनशे कोट, परत आली. एका धुण्यात कापड असं आटलं, की बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. मालक म्हणाले, संध्याकाळपर्यंत मला कारण सांग, नाहीतर उद्या येऊ नकोस.

ती धाडधाड जिना उतरून कटिंगमास्तरांकडे गेली. चोवीस वर्षं कापड कापणारा माणूस तो. नुसतं चिमटीत धरून सांगेल, हे आटणार की नाही.

"मास्तर, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं की. गठ्ठा सोडला तेव्हाच."

तिचं डोकंच सटकलं. "मग एका शब्दानं बोलायचं नाही? मी परकी आहे म्हणून मजा बघत बसलात?"

मास्तरांनी कात्री बाजूला ठेवली. आवाज चढवला नाही, काही नाही.

"बोलायलाच वर आलो होतो, मॅडम. तुमची मीटिंग चालू होती. तुम्ही बोलता बोलताच माझ्या हातात चहाचे रिकामे कप दिलेत. मग मी ते खाली आणून धुतले, आणि सांगितलेल्या मापानं कापायला लागलो."