लाल फुली

ताकुआरेम्बोच्या कुरणावर पैदाशीचा वळू निवडताना विल्मारचा एकच नियम होता. लाकडी खोड्यात अडकवल्यावर जो धिंगाणा घालील तो बाद, मग कितीही धिप्पाड असो. "भडकू जनावराच्या अंगी खाल्लेलं लागत नाही, अन् वासरंही तसलीच निपजतात!" असं बजावून तो ओरडायचा, "पुढचा!" आणि त्याची बायको एलिदा त्या वळूच्या पाठीवर लाल खडूने फुली मारायची.

दुपारी जेवताना, "हा रस्सा आहे की भांडी धुतलेलं पाणी?" म्हणत विल्मारने गड्यांसमोर ताट भिरकावलं, टेबलावर मुठी आपटल्या.

एलिदा शांतपणे उठली. खिशातून खडू काढून तिने नवऱ्याच्या पाठीवर ठसठशीत फुली मारली. मग दाराकडे वळून खणखणीत आवाजात ओरडली,

"पुढचा!"