मोठ्या टाकीतला मासा

उद्घाटनाच्या दिवशीच मावशीच्या मत्स्यालयातला सर्वांत मोठा मासा विकला गेला. अधिकृतरीत्या असं काही घडलेलंच नाही, हे मत्स्यालयाचा सचिव या नात्याने जाहीर करतो. आयुष्यभर मासे विकून साठवलेलं सगळं तिने मत्स्यालय उभारण्यात ओतलं, कारण विक्रीच्या पाटीत जिवंत निघालेल्या माशाच्या एका पिल्लावर तिला सुरी चालवता आली नव्हती. तेच आता दाराएवढं झालं होतं. फीत कापून प्रमुख पाहुण्यांनी काचेला नाक लावलं. “मावशी, हा केवढ्याला?” मावशी सवयीने भाव बोलून गेली. “घेतला!” पाहुणे म्हणाले. “दिला,” म्हणून तिने जीभ चावली. दिलेला शब्द ती फिरवत नाही. “मेल्या, काहीतरी कर,” ती माझ्या कानात कुजबुजली. मी नियम काढला: मासा त्यांचा, टाकी आमची, बाहेर काढायला लेखी अर्ज. सोळा अर्ज मी त्रुटी काढून परत पाठवले. आज सतरावा आला: “मासा साफ करून मध्यम तुकड्यांत मिळावा, ही नम्र विनंती.”