तिघांनी

"त्यांना सांग, डोळे फुटलेत का म्हणावं. स्वयंपाकघरातला नळ सकाळपासून गळतोय," आई म्हणाली.

‘त्यांना’ म्हणजे बाबांना. ते काही सातासमुद्रापार नव्हते. पुढच्या खोलीत आईचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल आणि मध्ये एक लोटलेलं दार. यंत्राची खडखड आणि रेडिओचा ठणाणा, एकाचं दुसऱ्याला ऐकू जाऊ नये याची दोघांनी चोख व्यवस्था करून ठेवली होती. त्या दारातून ये-जा करायची ती एकटी बबडी. आठ वर्षांची.

"बाबा, आई म्हणते, जमलं तर नळ बघाल का?"

"तिला सांग, मी काय नोकर आहे तिचा?"

"आई, बाबा म्हणाले, हातातलं झालं की बघतात."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. भाजीतली मिरची काढून ताटाच्या कडेला ठेवावी, तसे ती निरोपातले शब्द काढून ठेवायची. कधी पदरचंही घालायची. आईला वाटे, आपण गप्प बसलो म्हणून हे नरमले. बाबांना वाटे, आपण ताणून धरलं म्हणून ही नरमली. दोघंही आपापल्या जागी खूश. आणि घर चालत होतं त्या पोरीच्या जिवावर!

त्या संध्याकाळी आईने यंत्र थांबवलं. तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"त्यांना सांग, उद्या मी दादाकडे चाललेय. तुला घेऊन. परत यायची नाही. सुटलात म्हणावं एकदाचे."

बबडी हलेना.

"जा की. पायाला मेंदी लावलीय का?"

बबडी गेली. दारात थोडा वेळ उभी राहिली. या निरोपातून काय काय काढायचं तेच तिला कळेना.

बाबा एका डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकले होते. "काय म्हणते?"

"आई म्हणते, उद्या मामाकडे जायचंय."

"मग जा."

"तिघांनी," बबडी म्हणाली.

बाबांनी भिंग काढलं. रेडिओचा ठणाणा चालूच होता. "तिघांनी? ती म्हणाली असं?"

"हो."

बाबांनी हातातला चिमटा टेबलावर ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "तिला सांग, येतो."

हा निरोप आता पुढे कसा न्यायचा?

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"बरं म्हणाले."

"बरं? नुसतं बरं?" आई तिच्याकडे बघतच राहिली. "थांब नाही, कशाला नाही, काही नाही?"

"नाही."

"चांगलं आहे," असं म्हणून आईने यंत्रावर पाय दिला. शिवता शिवता तिने दोनदा पदराने डोळे पुसले. एक शब्द ‘थांब’ म्हणाले असते तर ही बाई कुठ्ठे जाणार नव्हती. पण हे तिने कुणाला सांगायचं, आणि कुणाकरवी?

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत आले. गुळगुळीत दाढी, केसांना तेल, हातात फळांची पिशवी. आई दोन मोठ्या बॅगा ओढत दाराशी आली आणि जागच्या जागी थबकली.

"तिला विचार, एका दिवसासाठी एवढं सामान कशाला?"

"त्यांना विचार, हे नटूनथटून कुठे निघालेत?"

दोघंही बबडीकडे बघू लागली. बबडीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. यंत्र बंद, रेडिओ बंद. दोघांनी एकमेकांचं सगळं ऐकलंच होतं.

"तूच म्हणालीस ना, तिघांनी जायचं?" बाबांनी सरळ आईला विचारलं.

"मी? मी म्हटलं, परत यायची नाही म्हणून! त्यावर तुम्ही म्हणालात, बरं."

"बरं कोण म्हणालं? मी म्हणालो, येतो!"

बोलली! दोघं एकमेकांशी बोलली! बबडीला हसूच फुटणार होतं. बाबांच्या हातातली पिशवी खाली टेकली होती. आईचा हात बॅगेवरून निघाला होता. बाबा हळूच म्हणाले, "अगं, मी कालच शर्टाला इस्त्री केली." आई काहीतरी बोलणार होती. तिने डोळे टिपले.

आणि मग दोघांना एकदमच कळलं.

"खोटं बोललीस?" बाबा म्हणाले.

"आमच्याशी? आईबापांशी?" आईने तिचा दंड धरला. "इतके दिवस काय काय सांगत होतीस गं? सगळं खोटंच?"

"नाही," बबडी म्हणाली. "मी फक्त…"

"तोंड वर करून बोलू नकोस!"

"एवढीशी आहे आणि आपल्या दोघांना खेळवते," बाबा म्हणाले. "हिच्याशी आता कुणी बोलायचं नाही. आठवडाभर. म्हणजे येईल ताळ्यावर."

"बरोबर आहे तुमचं," आई म्हणाली.

बाबांनी बॅगा उचलून आत नेल्या. आईने चहा टाकला आणि आतूनच साखर किती घालू म्हणून विचारलं. बाबांनी सांगितलं. मग काय बाई पोरगी, असं आई म्हणाली, आणि लहानपणापासूनच आतल्या गाठीची, असं बाबा म्हणाले. बराच वेळ चाललं होतं त्यांचं.

बबडी दाराशी उभी होती. रडू अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तिने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं. आवाज झाला असता, तर काय सांगावं, दोघं पुन्हा गप्प झाली असती.