बांधलेली फांदी

पडद्यावर घारीने घरट्यातल्या पिल्लांवर झडप घातली आणि सभागृह चिडीचूप झालं. “निसर्गाला दयामाया नसते,” निवेदक म्हणाला. वाटाड्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने डोळे पुसले. तो मात्र खुर्चीत अंग चोरून बसला. या माहितीपटासाठी घरटं त्यानेच शोधून दिलं होतं. घरटं झाकणारी फांदी चित्रीकरणापुरती दोरीने मागे ओढून बांधायची आणि निघताना न चुकता सोडायची, हा दंडकही त्याचाच. त्या संध्याकाळी दिग्दर्शक म्हणाला, “राहू दे बांधलेली, मामा. सकाळी पुन्हा तोच खटाटोप कशाला?” वाटाड्यालाही घरची ओढ होती; फांदी तशीच राहिली. सकाळी उघड्यावरची पिल्लं घारीला आयती सापडली आणि कॅमेऱ्याला घार. आज त्याच दृश्याला बक्षीस होतं. टाळ्यांच्या कडकडाटात बायको कानाशी लागली, “अहो, कोपऱ्यात आपलीच कपडे वाळत घालायची निळी दोरी दिसली ना? घरभर शोधली मी ती.” तो टाळ्या वाजवत राहिला.